त्रिकांड कडेशी येईपर्यंत: गच्चीवरून आकाश बघत मन निवांत करण्याची रीत

आकाशाकडे बघितलं की मन शांत होतं, असं सगळेच म्हणतात. पण गच्चीवर जाऊन मान वर केली की बहुतेकांचं पाच मिनिटांत आटोपतं. मानेत कळ येते, डास चावतात, मोजून पंधरा-वीस तारे दिसतात आणि हात मोबाइलकडे जातो. याची कारणं दोनच. डोळ्याला काळोखाची सवय व्हायला वेळ दिलेला नसतो आणि नजरेला धरून राहायला काही ठेवलेलं नसतं. तेवढं जमवलं की बाकीचं सोपं आहे. आधी वीस मिनिटं काळोखात थांबायचं, मग एकच तारा समोरच्या इमारतीच्या कडेशी लावून तो सरकताना पाहायचा. सगळं मिळून चाळीस मिनिटं लागतात. दुर्बीण नको, नक्षत्रं पाठ नसली तरी चालतं.

रात्र कोणती निवडायची

भिंतीवरचं कॅलेंडर पुरेसं आहे. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. पौर्णिमेला तो सूर्यास्ताच्या सुमारास येतो आणि संकष्टीपर्यंत त्याला रात्रीचे नऊ-साडेनऊ होतात. ज्या घरात संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघत जेवण थांबतं, त्या घराला हा हिशेब सांगायला नको. हिवाळ्यात संधिप्रकाश पूर्ण संपायला सूर्यास्तानंतर सव्वा तास लागतो. म्हणजे संकष्टीच्या संध्याकाळी साधारण साडेसात ते नऊ एवढा काळोख हाती येतो, आणि शेवटी चंद्र उगवतानाही दिसतो. नवख्या माणसाने सुरुवात याच दिवशी करावी. तिथून अमावास्येपर्यंत काळोख वाढत जातो. पुढे शुक्ल तृतीया-चतुर्थीपर्यंतही हरकत नाही, तेव्हाचा चंद्र लवकर मावळतो.

महाराष्ट्रात आकाशाचा खरा हंगाम ऑक्टोबर ते मे. पाऊस नुकताच संपलेला असताना हवा धुतलेली असते, त्यामुळे दिवाळीच्या आधीचे दिवस फार चांगले. डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र असतं, पण शहरात थंडीमुळे धूर आणि धूळ खालीच साचून राहते. क्षितिजाजवळचे तारे गढूळ दिसतात. अशा वेळी खालची दोन मुठी उंची सोडून वरचं आकाश बघावं. हात पूर्ण लांब करून धरलेली मूठ म्हणजे सुमारे १० अंश, करंगळीची जाडी म्हणजे १ अंश. ही मापं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

जागा आणि बैठक

गच्चीवर पाण्याच्या टाकीची किंवा जिन्याच्या खोलीची सावली शोधा. रस्त्यावरचा दिवा थेट डोळ्यांत येत असेल तर आकाश कितीही स्वच्छ असलं तरी उपयोग नाही. दिवा हलवता येत नाही, पण आडोसा करता येतो. काळी छत्री उघडून विटेच्या किंवा कुंडीच्या आधाराने दिव्याच्या बाजूला आडवी ठेवली की बसल्या जागी काळोखाचा एक कोपरा तयार होतो. हा साधा उपाय शहरात फार मोठा फरक पाडतो.

कठड्यापासून निदान दोन मीटर आत बसा आणि चालताना कधीही वर बघू नका. आधी थांबायचं, मग मान वर करायची. घरात कुणाला तरी सांगून या, नाहीतर कुणी वर येऊन दिवा लावतो आणि अर्ध्या तासाची कमाई एका क्षणात जाते. गावाकडे कातळावर किंवा सड्यावर जाणार असाल तर उजेड असतानाच जागा बघून घ्या. अंथरूण टाकण्याआधी दगडांच्या फटी बॅटरीने तपासा, कारण विंचू आणि फुरसं अशाच जागी असतात. पायांत बूट हवेत.

बैठकीत एक चूक सर्रास होते. सगळे सतरंजीवर सपाट आडवे होतात आणि मग पूर्वेचा खालचा तारा बघायला हनुवटी छातीला टेकवून मान उचलून धरतात. दहा मिनिटांत मान अवघडते. डोक्यावरचं आकाश बघायचं असेल तरच सपाट पडा. २० ते ४० अंश उंचीवरच्या ताऱ्यासाठी कापडी आरामखुर्ची सर्वांत चांगली. ती नसेल तर भिंतीला लोड लावून रेलून बसा, डोक्यामागे घडी केलेली गोधडी ठेवा आणि गुडघ्यांखाली उशी सरकवा. डोक्याचं सगळं वजन मागे टेकलं पाहिजे. मानेला जरा जरी जोर लागत असेल तर बैठक चुकली असं समजा.

थंडीत लागतं त्यापेक्षा एक पांघरूण जास्त आणा. निरभ्र रात्री अंथरुणाची, कपड्यांची उष्णता थेट आकाशाकडे निघून जाते, ती हवेपेक्षा थंड होतात आणि त्यावर दव धरतं. तासाभराने चादर हाताला ओलसर लागते ती यामुळे. सतरंजीखाली प्लॅस्टिकचं कापड, अंगावर शाल आणि तिच्यावर एखादी जुनी चादर घेतली की दव वरच्या चादरीवरच थांबतं. कान झाका. डासांचं मलम बसण्याआधीच लावा, पण डोळ्यांच्या जवळ नको. घामाने किंवा दवाने ते डोळ्यांत उतरलं तर सगळी बैठक मोडते.

पहिली वीस मिनिटं

उजेडातून काळोखात आल्यावर बाहुली काही सेकंदांत मोठी होते, पण खरं काम डोळ्याच्या पडद्यावर चालतं आणि ते हळू असतं. मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशींमध्ये ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. लख्ख उजेडात ते मोडतं आणि काळोखात पुन्हा तयार होतं. त्याला वीस ते तीस मिनिटं लागतात, उरलासुरला फरक त्यानंतरही पडत राहतो. मोबाइलचा पांढरा पडदा पाच सेकंद बघितला तरी हे काम बरंच मागे जातं. म्हणून मोबाइल खालीच ठेवा. वाट दिसायला बॅटरी हवीच असेल तर तिच्या काचेवर लाल जिलेटिन कागदाचे तीन-चार थर रबराने बांधा. दंडपेशींना लाल उजेड फारसा जाणवत नाही, त्यामुळे डोळ्याची तयारी टिकते.

या वीस मिनिटांत नुसतं थांबायचं म्हटलं तर मन चुळबुळतं. त्याला एक काम द्या. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जोडून चौकट करा, हात लांब धरून तिच्यातून आकाशाचा एक तुकडा निवडा आणि त्यातले तारे मोजा. हात खाली घ्या. आता श्वासाकडे लक्ष द्या: चार अंक मोजत आत, सहा अंक मोजत बाहेर. एका श्वासाला सुमारे दहा सेकंद लागतात, असे बारा श्वास म्हणजे दोन मिनिटं. त्यानंतर मोजणं सोडून द्या आणि श्वास जसा चालेल तसा चालू द्या. दम लागल्यासारखं किंवा गरगरल्यासारखं वाटलं तर मोजणं लगेच बंद करा. उच्छ्वास ओढूनताणून लांबवल्यामुळे तसं होतं.

अंदाजे दहा मिनिटांनी त्याच तुकड्यातले तारे पुन्हा मोजा, आणि वीस मिनिटांनी तिसऱ्यांदा. पहिल्या वेळी चार असतील तर तिसऱ्या वेळी अकरा-बाराही होतात. आकाश तेच असतं, आपल्याला दिसायला लागलेलं असतं. ही वाढ प्रत्येकाने स्वतः मोजून पाहावी. थांबण्यावर विश्वास बसायला याहून चांगलं काही नाही.

तिसऱ्या मोजणीला एक युक्ती वापरा. अंधुक तारा नजर रोखून बघितला की गायब होतो, कारण नजरेच्या अगदी मध्यबिंदूवर दंडपेशी नसतातच. त्याच्या किंचित बाजूला, एक-दीड मूठ अंतरावर बघा, तो परत दिसतो. कृत्तिकांच्या पुंजक्यावर हे करून बघण्यासारखं आहे. थेट बघितलं तर चार-पाच तारे किंवा नुसता धुरकट ठिपका, तिरक्या नजरेने बघितलं की सहा, आणि चांगल्या काळोखात सात-आठसुद्धा.

एक तारा, एक कड

हिवाळ्यासाठी मृग नक्षत्रासारखं दुसरं काही नाही. चार कोपऱ्यांना चार तारे, त्यांत काक्षी तांबूस आणि राजन्य निळसर पांढरा. मधोमध एका रांगेत तीन तारे, ते त्रिकांड. व्याधाने हरणाला मारलेला बाण तो हाच, आणि त्या रांगेची रेघ पुढे वाढवली की खुद्द व्याध सापडतो, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. तिन्ही तारे ठळक आहेत, मुंबई-पुण्याच्या उजेडातही दिसतात, आणि त्रिकांड खगोलीय विषुववृत्ताला अगदी लागून असल्यामुळे आकाशाच्या पूर्ण वेगाने, तासाला १५ अंश, सरकतं.

डिसेंबरच्या मध्यात रात्री आठच्या सुमारास त्रिकांड पूर्वेला दोन मुठी उंचीवर असतं, जवळजवळ उभं. समोरच्या इमारतीच्या गच्चीची आडवी कड, टाकीचा माथा किंवा दूरच्या छपराची पन्हळ निवडा आणि अशा जागी बसा की त्रिकांड त्या कडेआडून वर यायच्या बेतात असेल. कड आपल्यापासून निदान दहा मीटर दूर हवी. दोन मीटरवरची कपडे वाळत घालायची दोरी धरलीत तर डोकं एक सेंटिमीटर हललं तरी तारा उडी मारतो, शिवाय दोन डोळ्यांना दोन दोऱ्या दिसतात. जवळची कड घेऊन फसलेले बरेच जण ‘आपल्याला जमत नाही’ असं ठरवून टाकतात. जमत नाही ते बैठकीच्या अंतरामुळे.

आता काही करायचं नाही. कडेच्या ज्या जागी तारा येणार तिथे नजर सैल ठेवायची. पापण्या हव्या तेव्हा लवू द्यायच्या. हे त्राटक नव्हे. डोळे ताणून टक लावली की डोळ्यांत पाणी येतं आणि आसपासचे तारे विरघळल्यासारखे नाहीसे होतात, कारण न हलणारी प्रतिमा डोळा हळूहळू पुसून टाकतो.

पहिला तारा कडेवर येतो तो क्षण नीट बघा. डोकं श्वासाबरोबर किंचित वरखाली होत असतं, त्यामुळे एखाद-दोन श्वासांपुरता तारा दिसतो, लपतो, पुन्हा दिसतो. श्वास आत घेताना बिंदू चमकून जातो, सोडताना कड काळी होते. मग तो सुटतो आणि स्थिर राहतो. दुसरा तारा यायला साधारण साडेपाच मिनिटं लागतात, तिसऱ्याला पुढची साडेपाच. या अकरा मिनिटांत घड्याळ बघायची गरज नाही, आकाशच वेळ सांगतं. दोन ताऱ्यांमधली ती साडेपाच मिनिटं हाच या रीतीचा गाभा आहे. तारा येणार हे ठाऊक असतं, घाई करता येत नाही, आणि लक्ष जरा भरकटलं तर तो आल्यावर कळतं.

कड हवीच कशाला, नुसता तारा बघितला तर? काळोखात एकट्याच बिंदूकडे बघत राहिलं की तो तरंगतोय, भटकतोय असं वाटायला लागतं. डोळ्यांच्या बारीक हालचाली मेंदूला ताऱ्याच्या वाटतात. काहींना त्याने गरगरतं. जवळ स्थिर कड असली की हा भास थांबतो आणि खरी हालचाल तेवढी उरते. मोकळ्या आकाशाखाली ज्यांना पोटात गोळा आल्यासारखं होतं त्यांनी तर कड सोडूच नये, पाठ भिंतीला टेकवावी आणि एक तळहात जमिनीवर पालथा ठेवावा.

मन पळतं तेव्हा

ते पळणारच. उद्याची कामं, कुणाचं तरी बोलणं, हप्ता. ताऱ्याकडे परत यायचं आणि परत येताना एक ठरलेली गोष्ट बघायची: तारा आणि कड यांच्यात आता किती करंगळ्या अंतर आहे. करंगळीभर अंतर म्हणजे चार मिनिटं. ‘लक्ष दे’ असं स्वतःला दटावण्यापेक्षा हा छोटा अंदाज जास्त कामाचा, कारण त्याला उत्तर असतं आणि ते उत्तर डोळ्यांसमोर असतं.

हौशी माणसांची अडचण वेगळी असते. त्यांना नावं आठवायला लागतात, मग अंतरं, मग वाद. व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर, रोहिणी ६५वर, हे माहीत असणं आनंदाचंच आहे. पण ते या चाळीस मिनिटांच्या आधी किंवा नंतर. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था हौशी निरीक्षकांसाठी काम करते, इतर शहरांतही खगोलमंडळं आहेत. ओळखायला शिकायचं ते तिथे, चार जणांत, बडबड करत. दोघं मिळून बसणार असाल तर आधीच ठरवा की त्रिकांडाचा तिसरा तारा येईपर्यंत बोलायचं नाही.

विमान किंवा कृत्रिम उपग्रह गेला तर नजर वळेल, वळू द्या. लुकलुक न करता सरळ रेषेत जाणारा ठिपका मध्येच विझला तर तो पृथ्वीच्या सावलीत शिरला. तो गेला की कडेकडे परत या. ढग आले तर दहा मिनिटं थांबा, ढगाच्या कडेआडून तारा निघतो तेव्हा तेच काम नव्याने करता येतं. पूर्ण भरून आलं तर उठा, नुसतं ताटकळत बसू नका.

झोप येते ही तक्रार नाही. डोळा लागला तर लागू द्या, फक्त अंगावर पांघरूण असू द्या. पण रोजच दहा मिनिटांत झोप लागत असेल तर आडवं पडण्याऐवजी रेलून बसा आणि जेवणाआधी या. झोप अजिबात न येणं, छातीत धडधड, सततची उदासी यासाठी मात्र आधी डॉक्टर. ही रीत त्या उपचारांच्या जोडीला चालते, त्यांच्या जागी चालत नाही.

इतर महिन्यांत

एप्रिलमध्ये रात्री नऊला हेच त्रिकांड पश्चिमेला आलेलं असतं आणि आता कडेआड जातं. तिथे ते बरंच आडवं झालेलं असल्याने तिन्ही तारे साडेसहा मिनिटांच्या आत बुडतात, सुमारे तीन-तीन मिनिटांनी. उगवण्यापेक्षा हे बघणं अनेकांना जास्त शांत वाटतं. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात गच्चीवर झोपणाऱ्यांनी रात्री नऊनंतर आग्नेयेला तांबडी ज्येष्ठा धरावी. सप्तर्षी तेव्हा उत्तरेला उंच असतात. शेपटीतल्या मधल्या ताऱ्याजवळ, वसिष्ठाला लागून, अंधुक अरुंधती दिसते का ते बघण्यात सहज पाच मिनिटं जातात. ऑक्टोबरात नऊला दक्षिणेकडे चार मुठी उंचीवर मीनास्य असतो. त्याच्या आसपास दुसरा ठळक तारा नाही, त्यामुळे नवख्याचीही चूक होत नाही. शहरात एवढा एक तारा मिळाला तरी पूर्ण बैठक होते.

पौर्णिमेला ताऱ्यांचा नाद सोडा आणि चंद्रच घ्या. तो ताऱ्यांमधून पूर्वेकडे तासाला जवळजवळ स्वतःच्या रुंदीइतका सरकतो. कोजागरीला दूध आटेपर्यंत चंद्राजवळच्या एखाद्या ठळक ताऱ्याशी त्याचं अंतर दोनदा पाहिलं तर फरक डोळ्यांना कळतो.

वर्षातून एकदा खरा काळोख मिळवा. नागपूरजवळचा पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरला. पण अमावास्येच्या आसपास सह्याद्रीतलं, मोठ्या शहरापासून दूर असलेलं एखादं गावही पुरतं. तिथे पहिल्या रात्री तारे इतके असतात की ओळखीचं त्रिकांडच सापडत नाही. गांगरू नका, कड शोधा आणि तिथून सुरुवात करा.

उठताना

चाळीस मिनिटं रेलून राहिल्यावर एकदम उभं राहिलं की भोवळ येते. आधी डोळे मिटून तीन श्वास घ्या, पायांची बोटं हलवा, कुशीवर वळा, मग बसा, मग उठा. खाली आल्यावर लगेच मोठा दिवा लावू नका.

कॅलेंडरच्या चौकोनात एवढंच लिहा: कोणती कड, कोणता तारा, किती वाजता. उद्या तोच तारा त्याच कडेवर चार मिनिटं आधी येईल, पंधरा दिवसांनी एक तास आधी. हे वेळेचं सरकणं चालूच राहतं. ७-८ जूनच्या सुमारास सूर्यच मृग नक्षत्रात जातो, शेतकरी ज्याला ‘मृग निघाला’ म्हणतात तो हाच. त्या दिवसांत त्रिकांड दिवसा सूर्याबरोबर माथ्यावर असतं आणि रात्री दिसत नाही. पुढचे चार महिने पावसाचे. ऑक्टोबरच्या मध्यात पहाटे साडेचारला जाग आली तर गच्चीवर जा, त्रिकांड दक्षिणेला माथ्याजवळ आलेलं असतं.